ओनामा

रात्री दोनला त्याने आपणहून अपडेट घेतलं.
सकाळी पडदा काळा, डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ
लुकलुकत, ताकास तूर लागू न देता.

बाहेर उणे सव्वीस, नारीन नदी काठापर्यंत गोठलेली.
आत मी, माझा एकुलता एक कॉम्प्युटर,
आणि बाकावर बुरुल, तिच्याशेजारी तिचा नुरसेयित,
केस पाण्याने चापून बसवलेले,
शर्ट मामाचा, कॉलर बोटभर सैल.
सहा फोटो हवेत, साडेतीन बाय साडेचार.
शारशेनची गाडी अकराला सुटते बिश्केकला,
तिथून विमान, तिथून क्रास्नोयार्स्क,
तिथून पुढे कुठे, हे मुलालाही
नीट सांगता येत नव्हतं.

मी बावीस वर्षं फिजिक्स शिकवलंय.
म्हणून आधी सोपं ते: वायरी काढ, वायरी लाव,
बटण तीस सेकंद दाबून धर
(आपलाही श्वास धरला जातो, त्याचा उपयोग काही नसतो).
मग स्क्रू. झाकण उघडलं तर आत
तीन हिवाळ्यांची कोळशाची राख
आणि एक मेलेली माशी, पाय दुमडून, ऐसपैस.

मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, म्हटलं, खोडरबर आहे का कुणाकडे,
वर्गात विचारावं तसं.
मुलगा हसला. "शाळा संपली ना, बाई."
बुरुलने पर्स उघडली,
किल्ल्या, औषधाची पाकिटं, सुकी जर्दाळू,
आणि एक खोडरबर, एका टोकाला
दुधाच्या दातांनी चावलेलं.
सोनेरी कडा घासल्या. घड्याळाचा सेल काढला, पुसला,
पुन्हा बसवला. एक बीप.
चांगली खूण, म्हणेपर्यंत तीच रेघ.
पाढे पंचावन्न.

ओशहून भाऊ फोनवर:
"ताई, डिस्क ठणठणीत आहे. सगळं जागच्या जागी.
सुरुवात कुठून करायची, तेवढंच विसरलाय तो."
म्हणजे पुस्तक पाठ, आणि ओनामा आठवेना.
असे विद्यार्थी मी पाहिलेत.
एकाला फळ्यापर्यंत हात धरून नेलं होतं,
मग तो थांबेचना.

पेन ड्राइव्ह लावला. दुरुस्ती सुरू.
चाळीस टक्के. चौसष्ट. सत्तर.
अंधार.
वीज गेली म्हणावं, तर समोरच्या खाटकाचा दिवा चालू.
बुरुलने किटली लावली होती, त्याच पट्टीत.
"म्हटलं चहा करावा. तुम्ही दमलात."
दहा वाजून पस्तीस.
मी तिच्याकडे पाहिलं, तिने किटलीकडे.
मुलगा खिडकीच्या काचेवरचं बर्फ नखाने खरवडत होता.
मी फ्यूज बदलला.

या खेपेला मेनू तरी आला:
वर नवी आवृत्ती, खाली, बारक्या अक्षरांत, जुनी.
जुनी निवडली.
पंख्याने घसा खाकरला. अक्षरं भराभर खाली धावली,
एकही वाचता आलं नाही, आणि मग
पडद्यावर माझी दहावी ब, शेवटच्या सहलीची,
तिसऱ्या रांगेत हाच, डोळे मिटलेले.
"आज उघडे ठेव," मी म्हटलं.

बाहेर शारशेनने दोनदा हॉर्न वाजवला.
फोटो निघाले. सहाही एका कागदावर,
आणि खाली, बारीक आकड्यांत, तारीख:
एक जानेवारी दोन हजार नऊ.
सेल काढला तेव्हा घड्याळ मागे गेलं असणार.
"थांब, चुकलंय," म्हणत मी तारीख सुधारली,
दुसरा कागद काढला, कापला,
पाकिटात घालून त्याच्या हातात दिला.
तो पळाला. कॉलर एका बाजूला उभीच.

चुकलेला कागद चुरगळायला घेतला
तर बुरुलने हात पुढे केला.
आकडे वाचले. बोटांवर काही मोजलं.
"तेरा महिन्यांचा होता," ती म्हणाली,
"भिंत सोडून चालायचा नाही."

चहा झाला होता. दोन कप ओतला.
गाडीचा आवाज पुलापर्यंत ऐकू आला,
पुढे पंख्याचाच.