मासा कुठल्या रकान्यात

दहावी-बला मी उद्योग आणि व्यवसाय शिकवतो,
ग्रिम्सबीत, खोली क्रमांक चौदा,
जिथल्या रेडिएटरवर हिवाळाभर
कुणाचे तरी मोजे वाळत असतात.

ऑक्टोबरात प्रत्येक गटाला दहा पौंड दिले.
भांडवल आहे, म्हणालो, परत करायचं.
बँकेसारखा आवाज काढून पाहिला,
कुणी हसलं नाही.

तीन गटांनी कपकेक ठरवले.
एकाने मोबाइलची कव्हरं, चीनहून मागवलेली,
जी नाताळ उलटल्यावर पोचली.
आणि शेवटच्या बाकावरून कीली ब्लँचर्ड
(गटात एकटीच, तिला कुणी घेतलं नव्हतं)
म्हणाली, किडे.

वाळूतले. गळाला लावायचे.
दहा पौंडांत एक वापरलेला खणायचा काटा
आणि एक बादली.
बांधून द्यायला शेजारणीची जुनी वर्तमानपत्रं.

मी फळ्यावर लिहिलं, तुमच्या मालाचं वेगळेपण काय?
कपकेकवाले म्हणाले, प्रेमाने बनवलेत.
कीली म्हणाली, जिवंत आहेत.

तेव्हा हसला वर्ग. मीही, थोडासा.
पुढचा धडा होता जाहिरात,
ग्राहकाला आमिष कसं दाखवावं,
आणि अख्ख्या वर्गात
आमिष एकटीकडेच होतं, बादलीभर.

या गावात माणसांची भरती
माझे वडील गोदीत होते तेव्हाच थांबली.
पाण्याची अजून दिवसातून दोनदा होते.
कीलीच्या वहीच्या मागल्या पानावर
ओहोटीच्या वेळा डकवलेल्या:
दुपारी बारा दहा, बारा बावन्न, एक चौतीस.
शाळेच्या घंटेशी त्या जुळत नाहीत.
जेवणानंतरच्या तासाला तिची गैरहजेरी
तारखेवार मांडली, तर हजेरीपट
पौर्णिमा आणि अमावास्या दाखवतो.

सर, मेलेले कुठल्या बाजूला लिहायचे?
तोट्याच्या, म्हणालो, ठामपणे.
पण मेलेलेही एकजण नेतो, अर्ध्या किमतीत.
खेकड्यांना चालतात.
मी पुस्तक चाळल्यासारखं केलं.

मग जानेवारीत, तिच्या हिशेबात, ही ओळ:
मिस्टर क्रिबिन, पन्नास किडे, उधार.
पेन्शन मंगळवारी.

लाल पेन माझ्या हातात होतं.
गोदी सुटल्यावर वडिलांनी दुकान काढलं होतं,
दोर, रबरी बूट, कंदिलाच्या वाती,
आणि कुणाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.
दुकान गेलं, उधारीची वही राहिली,
बिस्किटांच्या डब्यात, आईच्या कपाटावर.
त्यातली निम्मी नावं
मी आता दफनभूमीत वाचतो, रविवारी,
आणि मनातल्या मनात रकमा लावतो समोर.
हा धडा अभ्यासक्रमात नाही.
'उधार देऊ नये' एवढंच लिहायचं होतं.
तीन शब्द. पेनाचं टोपण काढलेलं.

मी फक्त तारीख घातली. सही केली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती आली.
कोपरापर्यंत बाह्या ओल्या,
नखांत काळी रेती,
आणि हातात वर्तमानपत्राचं पुडकं, थंड.
क्रिबिन आजोबांनी पैसे दिले, म्हणाली,
सगळे. आणि वर हा.
उघडलं, तर आत मासा,
कॉड, लहानसा, डोळा अजून स्वच्छ.

कुठल्या रकान्यात लिहू?

उत्पन्न म्हणावं तर विकायचा नाही तिला,
आई रात्री तळणार.
देणगी म्हणावं तर क्रिबिन रागावतील.
नफा म्हणायला माझी जीभ वळेना.
टेबलावर, ताळेबंदाच्या नमुन्यावर,
पाण्याचा एक गोल डाग पसरत गेला.

खिडकीतून आमच्या समुद्र दिसत नाही.
पाणी उतरायला लागलं, की
सीगल छपरं सोडून तिकडे जातात, तेवढंच कळतं.
ती छपराकडे बघत होती.

मासा स्टाफरूमच्या फ्रीजमध्ये ठेवतो, म्हणालो.
चार वाजता घेऊन जा.
हजेरी मी आज जरा उशिरा घेणार आहे.