रात्री, जेवणानंतर, एक

धंतोलीत, डॉक्टर वैरागड्यांच्या टेबलावर
प्लास्टिकचं हृदय होतं, कप्पे उघडता येणारं.
मी म्हटलं, साहेब, समजलं.
बत्तीस वर्षं कॉर्पोरेशनच्या पाण्यात काढली मी,
व्हॉल्व्हमन म्हणून लागलो, फिटर म्हणून सुटलो.
महालात, इतवारीत, हंसापुरीत
रस्ता फोडून काढलेत बिडाचे पाइप,
इंग्रजाच्या वेळचे,
बाहेरून मांडीएवढे
आणि आत जेमतेम अंगठा जाईल इतकी वाट.
बाकी सगळा गंज, चुना, थरावर थर.
म्हणजे तुमची गोळी ते खरवडणार.
दोन तास गढूळ येईल, मग स्वच्छ.

डॉक्टर हसले नाहीत. आवडलं मला ते.
म्हणाले, धकातेभाऊ, खरवडत नाही ती.
हा थर नळातल्यासारखा आत चिकटत नाही,
भिंतीच्या पोटात असतो, अस्तराखाली,
मऊ, चिडलेला.
फुटला की तिथंच गुठळी,
मघाशी सांगितलंत त्या निनाव्यांसारखं.
रक्तातली चरबी उतरवते ही गोळी,
भिंतीची आग निववते,
थरावरची साय जाड करते.
कधी तो थोडा आकसतो.
जात नाही.

'जात नाही' एवढंच घेऊन
पंचशील चौकापर्यंत पायी आलो,
मे महिन्यात, दुपारी दोन वाजता.

पंधरा दिवसांनी पोटऱ्या दुखायला लागल्या.
निनाव्यांचा जावई म्हणाला, काका, सोडा ते विष,
लसूण खा, अर्जुनाची साल उकळा.
मी कोणाला न सांगता सोडली.
रोज रात्री पाण्याचा घोट घ्यायचा
आणि गोळी कूलरच्या टाकीत.
अकराव्या दिवशी कुमुद वाळा बदलायला बसली,
तळाशी पांढरा गाळ बघितला,
काही बोलली नाही.
जेवताना भाकर वाढत म्हणाली,
"कूलरचं कोलेस्टेरॉल किती आलं जी?"

मग पुन्हा धंतोली. डोस कमी.
पोटऱ्या निवल्या.
आधी एकशे अडुसष्ट होतं, तीन महिन्यांनी बाहत्तर.
कुमुदनं कॅलेंडरवर लिहून ठेवलं,
सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी.

पोहेवाल्याला म्हटलं, तर्री कमी टाक.
त्यानं असं पाहिलं, जणू
माझ्या घरचं कोणी गेलं.

या गोळीचं एक आहे, काही कळत नाही.
डोकं थांबलं, ताप उतरला, तसं काही नाही.
काही न होणं एवढंच तिचं काम.
मला हे ओळखीचं वाटतं.
पहाटे चारला सायकलवर जायचं,
अंधारात चेंबरचं झाकण उचलायचं,
चावी फिरवायची, मोजून अठरा आटे.
पाणी आलं त्या दिवशी
व्हॉल्व्हमनला कोणी नाव घेऊन हाक मारली नाही.

बाबा एक्कावन्नाव्या वर्षी गेले,
मागावर बसल्या बसल्या, धोटा हातात.
तेव्हा लोक म्हणाले, हवा लागली.
डॉक्टरांनी विचारलं होतं, भाऊ-बहीण कोणी?
मी म्हटलं, एक आहे, पाचपावलीत.
एकोणीस वर्षं झाली, हे नाही सांगितलं.
भिंतीच्या पोटातलं सगळंच काही
रिपोर्टात येत नाही.

काल रात्री गोळी घेतली
आणि कुमुदच्या फोनवरून लावला.
"कोन?"
मी.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"काऊन?"
म्हटलं, रक्त तपासून घेजो. आपल्या बापाचं रक्त आहे ते.
"मले काही होत नाही."
तेच तं. मलेही काही होत नव्हतं.
पुन्हा पंखा.
"कुठी तपासतेत?"
सांगितलं. रिकाम्या पोटी जाजो म्हटलं.
रात्रीपासून काही खाजो नको.
"चहा?"
चहाही नाही.
"बरं," म्हणाला,
आणि फोन ठेवायचा विसरला.
त्याच्या घरातलं ऐकू येत राहिलं,
भांडी, कोणीतरी खोकलेलं,
बादलीत पडणारी नळाची धार.
प्रेशर बरं वाटलं.