फुई

पहिली पाळी सुटली की मी हात रॉकेलने धुतो,
मग साबणाने, मग पुन्हा साबणाने,
तरी वहीच्या कडेला अंगठा उमटतोच.
शरणपूर रोडला मार्था साळवेबाईंच्या पुढच्या खोलीत
आम्ही पाच जण. चार पोरं विशीतली,
आणि मी, चोपन्नचा, बोअरिंग मशीनवाला,
कारण गेल्या दिवाळीत सातपूरची आमची कंपनी
स्पेनच्या माणसांनी घेतली,
कॅलेंडर आणि मिठाईचा डबा तेवढा तसाच राहिला.

बाई बिल्बाओत एकवीस वर्षं नर्स होत्या.
फळ्यावर लिहितात: तेंगो, बेंगो, पोंगो.
माझ्याकडे आहे, मी येतो, मी ठेवतो.
ऐकताना वाटतं, गल्लीत पोरं
राज्य कुणावर ते ठरवतायत.

मग आलं काबेर. म्हणजे मावणे.
मी मावतो: केपो.
मधला ब कुठे पडला, प कुणी आणला?
"पाठ करा, काका."

मी तीस वर्षं मावण्याचंच काम केलंय.
शाफ्ट भोकात बसतो की नाही.
दहा मायक्रॉन जास्त, की जॉब लाल पेटीत.
आणि इथे अख्खं क्रियापद ड्रॉइंग सोडून गेलंय
आणि सगळा देश ते पास करून वापरतोय.

मी तसं बोललो.
बाई म्हणाल्या, मराठीत जाणे चालवून दाखवा.
जा. जातो. जाईन.
काल मी
गेलो.
ग कुठला, काका?

करतो, केलं. येतो, आलो. होतो, झालो.
मरतो, मेला.
इतकी वर्षं माझ्याच तोंडात
हे सगळे माप सोडलेले जॉब
आणि मी एकदाही गेज लावला नाही.
बाई म्हणाल्या, जास्त वापरातले शब्दच असे असतात.
मला माझ्या हँडव्हीलची मूठ आठवली,
एका बाजूने खपून माझ्या तळव्याची झालेली.
नवा पोरगा तिला धरूच शकत नाही.

घरी नात, तीन वर्षांची, दारात उभी होती.
"पप्पा जाले."
नियमाने बरोबर.
एरवी मी "गेले" म्हणायला लावतो.
त्या दिवशी नाही लावलं.

पुढच्या गुरुवारी बाईंनी दोन क्रियापदं
शेजारी शेजारी मांडली. असणे. जाणे.
भूतकाळात दोघांचं एकच:
फुई. मी होतो.
फुई. मी गेलो.
ओळखायचं कसं?
"पुढच्या शब्दावरून."
आणि पुढे शब्दच नसला तर?
बाईंनी खडू ठेवला आणि सगळ्यांना चहा टाकला.

सोमवारी तिकडचा इंजिनिअर आला, इन्याकी,
चौदा नंबरपाशी थांबला.
हे मशीन ज्याला कळायचं तो माणूस कुठाय?
एवढं मला समजलं.
केदा बोरस्ते. बावीस वर्षं माझ्या डाव्या हाताला.
डबा उघडायच्या आधी मशीनवरून फडका फिरवणारा.
श्रावणात, रविवारी, झोपेतच.
मी म्हणालो: फुए.
त्याने विचारलं, कुठे?
कुठेला शब्द मला येत होता, म्हणून पंचाईत.
मी त्र्यंबक रोडच्या बाजूला हात केला.
तिकडे आमचं गेट आहे, बाकी काही नाही.
तो मान हलवून पुढच्या मशीनकडे वळला.

क्लासहून निघताना मी म्हणतो, "येतो, बाई."
बाई हसतात. म्हणतात, तिकडे उलटं.
कुणी हाक मारली की येणारा माणूस ओरडतो: बोय!
म्हणजे? म्हणजे, जातो.

रात्री मी गच्चीवर वही घेऊन बसलो होतो.
खालून सुमतीने हाक मारली, भाकरी निवतेय.
मी ओरडलो, बोय!
काय?
जातो!
खाली भांडं आपटल्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
"मग हे ताट कुणासाठी वाढलंय?"