सुटे भाग, पान सत्तेचाळीस

नाना पेठेत, टायरच्या वासाचा जिना चढून गेलं की
शब्बीरभाईंचं ऑफिस.
खाली दुकान, वर हिशेब,
हिशेबाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर मी
आणि एक रशियन कॅटलॉग.
त्याच्या पानांवर कुणाच्या तरी अंगठ्याचं ग्रीस,
मी शाळेत होते तेव्हाचं.

इंग्रजीत करून हवंय सगळं.
माल भोसरीत बनणार, जाणार इजिप्तला.
शब्दाला सव्वा रुपया.
मूळ शब्द मोजायचे की झालेले?
शब्बीरभाई म्हणाले, बाई, जे कमी भरतील ते.

पान सत्तेचाळीस. झझिगानिये.
म्हणून पाहिलं तर दातांत माशी अडकल्यासारखं.
पेटवणं, एवढाच अर्थ.

पहिलं नाव स्वेचा.
स्वेचा म्हणजे मेणबत्ती.
रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात लाइट गेले होते त्या संध्याकाळी
पोंक्षे मॅडमनी एक लावली, टेबलावर चिकटवली
आणि म्हणाल्या, लिहून घ्या, स्त्रीलिंगी.
तीच इथे इंजिनात.
चार सिलिंडर, चार मेणबत्त्या.
मी लिहिलं, स्पार्क प्लग.
ज्योत गेली, बूच आलं.

कातुश्का, दोऱ्याचं रीळ. कॉइल. हे सोपं गेलं.
झामोक म्हणजे कुलूप. इंग्रजीत त्याचा स्विच होतो.
रशियन माणूस कुलूप उघडतो,
इंग्रज बटण दाबतो,
आणि खाली गल्लीत दत्तू कुदळे पोराला ओरडतो,
चावी मार रे!

मग बेगुनोक.
धावणारा, छोटासा. पळ्या म्हणू या.
शब्दकोशात खाली बारीक अक्षरांत आणखी एक अर्थ:
नोकरी सोडताना सह्यांसाठी
टेबलाटेबलावर फिरवायचा कागद.

तो मी फिरवलाय.
पिंपरीच्या कंपनीत, शेवटच्या शुक्रवारी.
स्टोअर्स, कँटीन, लायब्ररी, अकाउंट्स.
काही येणं नाही, सही.
काही येणं नाही, सही.
लायब्ररीत एक शब्दकोश माझ्या नावावर निघाला,
हाच.
त्याचे ऐंशी रुपये भरले आणि मोकळी झाले.

पण इंजिनात हा काय करतो?
खाली उतरले.
दत्तू एका जुन्या फियाटच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत गेलेला.
हे काय? चित्र दाखवलं.
डेल्को, तो म्हणाला.
कॅटलॉगमध्ये त्याला त्राम्ब्ल्योर म्हटलंय,
तेही रशियन नाही, फ्रेंचांकडून उसनं.
डेल्को कुठल्या भाषेतला रे?
गाडीच्या, मॅडम.

त्यानं टोपण काढलं.
आत तो बसला होता, बोटाच्या पेराएवढा,
डोक्यावर पितळेची पट्टी.
दत्तूनं पोराला इंजिन हातानं फिरवायला लावलं
आणि पळ्या फिरला,
एका खुंटीपाशी, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या.
प्रत्येकीला एक ठिणगी द्यायची आणि पुढे.
सह्या घेत नाही हा, उलट वाटतो.

टोपणाच्या पोटात, मधोमध, स्प्रिंगवर एक काळा ठिपका.
झिजलेला.
दत्तू म्हणाला, ह्याचा कोळसा गेलाय.
मी कॅटलॉग उघडला.
क्रमांक नऊ, उगोल्योक.
कोळसा. छोटा, लाडका कोळसा.
रशियनचं एक अक्षर न शिकता
हा माणूस बरोबर बोलत होता,
आणि वर जाऊन मी लिहिलं
कार्बन ब्रश.

संध्याकाळी शब्बीरभाईंनी पेन्सिलीनं मोजलं.
बेगुनोक, एक.
रोटर आर्म, दोन.
एकाचेच पैसे लागतील, बाई.
चालेल, म्हटलं.
म्हणजे रोटर विकला
आणि हात फुकट दिला.

खाली फियाट तीनदा खोकली.
पोरगं म्हणालं, पेटंना.
दत्तू म्हणाला, थांब जरा,
आणि खिसे चाचपू लागला,
कुठेतरी एक जुना कोळसा ठेवलेला असणार त्यानं.