घट धरून

धैर्यशील फोनवर सांगतो,
आण्णा, कोची ते पुणे सरळ रेषेत
नऊशे सत्तर किलोमीटर.
वेळ, एक तास पन्नास मिनिटं.
मी लाइट बिलाच्या पाठीवर उतरून घेतलं,
सवयीनं खाली लिहिलं : घट,
आणि पेन तिथंच थांबलं.

बत्तीस वर्षं त्रिचूरच्या एका बोळात
मी सोनं गाळलं.
मुशीत दहा तोळे गेले तर दहा परत येत नाहीत,
हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं असतं.
कमी भरतं ती घट.
कुठं जाते तेही ठाऊक असतं,
थोडी धुरात, थोडी मुशीच्या अंगाला,
थोडी फरशीवर, आपल्याच नखांत.
झारेकरी दुकानाचा केर विकत न्यायचा,
पाण्यात धुवायचा.
त्याच्या दोन पोरींची लग्नं
आमच्या केरावर झाली.

तेव्हा मिरजेपर्यंत दोन रात्री लागायच्या.
बेंगलोरला गाडी बदलायची,
हुबळीला कन्नड कानावर यायची,
लोंडा सुटलं की जीभ आपोआप पालटायची.
घटप्रभेच्या पुलावर मी शर्ट बदलायचो,
तेजाबाचा वास पिशवीत कोंबायचो.
लेंगऱ्यात शिरायचा तो पुरता लेंगऱ्याचा माणूस.
तिकडचा एक शब्दही
मी कधी उंबऱ्याच्या आत आणला नाही.

परवा धैर्या आला.
सकाळी तिकडं डोसा खाऊन निघालेला,
दुपारी पुण्यात.
पुढं खंबाटकी, कराड, विटा, पाच तास गाडीत.
ते पाच तास कुणी मोजत नाही,
विमानतळावर अंतर संपतं म्हणे.

जेवताना आईनं दुसरी भाकरी पुढं केली,
तर ताटावर आडवा हात धरून म्हणाला,
वेंडा.
त्याच्या ध्यानातही आलं नाही.
भाकरी हातात तशीच धरून
हौसा माझ्याकडं बघत राहिली.
नको म्हणतोय, मी म्हणालो.

‘तुम्हाला कसं कळलं?’

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
तिनं हे विचारलं.

रात्री दिवा घालवल्यावर म्हणाली,
मिठाला काय म्हणतात?
उप्पु.
पाण्याला?
वेळ्ळम्.
मग भुकेला, मग पावसाला, मग उद्याला.
काही आठवले, काही आठवायला वेळ लागला,
लिंबाला काय म्हणायचे ते आलंच नाही,
म्हटलं, सकाळी पोराला विचारू.
ती एकेक शब्द तोंडात घोळवून बघायची,
खडा लागतो का म्हणून.

बायकोला?
मी जरा थांबलो. भार्या.
‘हे तर पोथीतलं,’ म्हणाली,
आणि कूस बदलली.