पितळ थकतं

सावद्याला, केळीच्या वखारीमागच्या खोलीत
तोतारामकाका रविवारी दार लावून घ्यायचे
आणि पंखा बंद करायचे.
एप्रिलात स्वतःहून पंखा बंद करणारा माणूस
रावेर तालुक्यात दुसरा नसावा.
"दारूले वारा चालत नाही," म्हणायचे, "काटा हालते."

काटा विसपुते सोनाराकडून आणलेला,
सोबत डबीभर गुंजा,
लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या.
गावातल्या तीन पिढ्यांच्या मंगळपोती तोललेल्या त्या गुंजा
आता एका पारड्यात बसून वाट बघत,
दुसऱ्यात काका दारू सोडत,
इतकी थोडी, की मी श्वास धरायचे.

रायफल बारीक तोंडाची, विलायती.
पालच्या बंगल्यावर उतरलेल्या कुणा जंगलसाहेबाने
काकांच्या आजोबांना दिलेली.
साहेब गेला. तिची काडतुसं करणारा कारखानाही गेला.
उरली एकोणीस पितळी नळकांडी,
करंगळीच्या दोन पेरांएवढी.
पुन्हा भरायची, पुन्हा उडवायची, पुन्हा वेचून आणायची.
"इसावं आता जगात नाही," काका म्हणत,
आणि डबीत बोट फिरवून मोजून घेत.

शिसं ज्या पळीत वितळायचं
तिला काकूने लाल दोरा बांधला होता,
चुकून वरणात जाऊ नये म्हणून.

माझं काम पाण्याच्या वाटीचं.
काका चिमट्यात धरून नळकांडीची मान दिव्यावर फिरवत.
आधी काहीच नाही. मग निळसर काहीतरी
काठावरून खाली सरकायचं, मोराच्या गळ्यासारखं.
"हं!"
चुर्र.
"लोखंड असं इझोलं का कडक होते.
पितय नरम पडते.
नरम नाही केलं तं मानेले चीर जाते.
दर बाराले थोडं ताणते, थोडं आखडते,
पितय थकते, बाई. सांगत नाही, पण थकते."

मी विचारलं, आणि माणूस?
म्हणाले, पानी बदल, कोमट झालं.

माझे वडील वखारीच्या पुढच्या दाराशी बसायचे.
सख्खे भाऊ. अकरा वर्षं बोलणं नाही.
भुसावळच्या यार्डात अडकून पिकलेली एक वॅगन,
तिचा हिशोब,
आणि हिशोबाच्या वेळी वर काढलेली आईची आजारपणं.
मी मागच्या खोलीत जाते हे त्यांना ठाऊक होतं.
विचारलं कधीच नाही.

संध्याकाळी काका सुकीच्या कोरड्या पात्रात जायचे,
दरडीला डालड्याचा डबा टेकवायचे.
एकच बार.
इकडे वडील कपात बशी धरून थांबलेले,
ठप्प ऐकू आला
की म्हणायचे, "वाजला,"
आणि मग चहा प्यायचे.

त्या रविवारी वाजला नाही.
चहावर साय धरली.
वडील उठले, चपला न घालताच निघाले,
मी मागे.
काका दरडीसमोर तसेच उभे,
रायफल खांद्याला, नळी डब्याकडे, ओठ हलत होते.
चाप ओढूनही बार झाला नाही
तर लगेच उघडायची नसते,
साठपर्यंत मोजायचं असतं,
उशिरानेही उडतो म्हणतात.
वडील त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.
"किती झाले?"
काकांनी मान वळवली नाही.
"सदतीस."
मग दोघं मिळून मोजू लागले,
अडतीस, एकोणचाळीस,
वडिलांचा आवाज जरा पुढे जायचा, मग थांबून घ्यायचा.

साठ झाले. पुढेही मोजत राहिले,
बहुतेक नव्वदपर्यंत.

घरी येऊन काकांनी ते काडतूस हळूच सोडवलं.
दारू आतून ओली, ढेकूळ झालेली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
नळकांडी फडक्याने पुसायचं कामही माझंच होतं.
काही बोलले नाहीत.
मीही अजून सांगितलेलं नाही,
विसरले होते की नाही ते.