लागला की देते

डंडीच्या लायब्ररीत मंगळवारी
दहा खुर्च्या, एक फळा, बिस्किटांचा डबा.
एलिद बाई गाळलेल्या जागांचा कागद वाटतात.
बाळ येईल तेव्हा मी आजी होईन,
असं मी इंग्रजीत लिहिते. दोन्हीकडे 'विल',
दोन्ही पायांत चपला हव्यातच, तसे.
बाई पहिल्या 'विल'वर हलकेच रेघ मारतात.
'व्हेन'च्या घरात हा आणायचा नाही,
दाराबाहेर काढून ठेवायचा.
म्हणजे एक चप्पल बाहेर, एक पायात.

तिथे वर्तमानकाळ. व्हेन द बेबी कम्स.
जणू बाळ रोजच येतं,
समोरच्या थांब्यावरच्या बससारखं,
पाच मिनिटं उशिरा.

शेजारी इरिट्रियाचा तेस्फाय.
त्याच्या वाक्यात सरकारी पत्र, वाट पाहण्याचं तिसरं वर्ष.
त्याचाही 'विल' खोडला गेला.
वर्तमानात आहे ना, म्हणाला, मग दाखवा पत्र.
बाई हसल्या.
मग थांबल्या.

आमचं तर याहून धाडस.
बाळ आलं की.
आलं! चक्क भूतकाळ.
जे व्हायचंय ते आधी करूनच टाकायचं,
मग पुढचं बोलायचं.
एकतीस वर्षं कराडच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून हेच म्हणत आले:
लागला की देते, साहेब.
लागला की देते, ताई, रडू नका.
सोलापूर, सुरत, एखादा मस्कत.
कितीतरी लागलेच नाहीत.
माझ्या वाक्यात मात्र
प्रत्येक फोन लागलेला होता.

हे बाईंना सांगायचंय. तेवढं इंग्रजी नाही.

सातवी गाळलेली जागा वाक्याच्या सुरुवातीलाच:
'इफ' की 'व्हेन'?
व्याकरणात दोन्ही चालतात, बाई म्हणतात,
तुम्हाला काय वाटतं त्यावर आहे.
मृण्मयीच्या गेल्या वर्षीच्या त्या चार महिन्यांबद्दल
घरात कुणी बोलत नाही.
एक पाळण्याचा खोका, न उघडलेला,
जिन्याखाली आहे.
मी पेन उचलते. ठेवते.
एक बिस्कीट खाते.

पर्समध्ये फोन थरथरतो. सलील:
आई, नाइनवेल्सला निघालोय, तू परस्पर ये.
कोटाची एक बाही सापडत नाही.
बाई विचारतात, कुठे?
"आलेच," मी म्हणते, मराठीतच,
जाता जाता.

थांब्यावर धुकं. टे नदीवरचा पूल
अर्ध्यातच संपलेला.
मागून तेस्फाय धावत येतो, धापा टाकत,
माझा राहिलेला कागद हातात देतो.
सातव्या जागेत त्याच्या तिरप्या अक्षरात
'व्हेन'.
विचारलं नाही, सांगितलं नाही, लिहून मोकळा.

मी कागद चौघडी करून चष्म्याच्या डबीत ठेवते
आणि रस्त्याच्या वळणाकडे बघत राहते.

पाच मिनिटं.
सात.

आली.